कॅनडातली कोविड मदत नाकारली गेल्यावर फेडरल कोर्ट नेमकं काय तपासतं

कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीचं, म्हणजे सीआरएचं, ‘तुम्ही या मदतीस पात्र नव्हता’ असं पत्र हातात पडलं की बहुतेकांच्या मनात एकच येतं: कोर्टात जाऊ, न्यायाधीशांपुढे सगळी कागदपत्रं ठेवू, पैसे खरंच कमावले होते हे ते बघतील. इथेच गाडं अडतं. ही मदत तुम्हाला मिळायला हवी होती की नाही, हे फेडरल कोर्ट ठरवत नाही. सीआरएच्या अधिकाऱ्यापुढे त्या वेळी जे कागद होते, त्यांवरून त्याने काढलेला निष्कर्ष वाजवी होता का आणि तुम्हाला म्हणणं मांडायची नीट संधी मिळाली का, एवढंच कोर्ट पाहतं. याला न्यायिक पुनरावलोकन म्हणतात. महाराष्ट्रात सरकारी निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात कलम 226 खाली रिट अर्ज करतात, त्याच जातीचं हे काम आहे, अपील नव्हे. म्हणूनच यातली निम्म्याहून अधिक लढाई कोर्टाची पायरी चढण्याआधीच, सीआरएच्या फाइलमध्ये, जिंकली किंवा हरली जाते.

आधी योजना कोणत्या ते पाहू, कारण निकष योजनेगणिक बदलतात. कॅनडा इमर्जन्सी रिस्पॉन्स बेनिफिट, म्हणजे ‘सर्ब’, 15 मार्च 2020 ते 3 ऑक्टोबर 2020 या काळासाठी होती. आठवड्याला 500 डॉलर, चार आठवड्यांचा एक हप्ता 2,000 डॉलर, आणि जास्तीत जास्त 28 आठवडे, म्हणजे 14,000 कॅनेडियन डॉलर. तिच्या जागी कॅनडा रिकव्हरी बेनिफिट, ‘सीआरबी’, आली. ती 27 सप्टेंबर 2020 पासून 23 ऑक्टोबर 2021 पर्यंत चालली. दोन आठवड्यांना 1,000 डॉलर, त्यातून 10 टक्के कर आधीच कापलेला. शेवटच्या टप्प्यात हीच रक्कम 600 वर आली. आजारपणासाठी आणि घरच्यांच्या देखभालीसाठी आठवड्याला 500 डॉलरच्या आणखी दोन योजना होत्या. सगळ्यांचं मूळ तत्त्व असं की आधी अर्ज मंजूर करायचा, तपासणी मागाहून. त्यामुळे योजना बंद झाल्या तरी वसुलीचे वाद पुढे वर्षानुवर्षे चालत राहिले.

एक फाटा सुरुवातीलाच ओळखायला हवा. काही लोकांना हीच मदत सीआरएकडून नव्हे, तर सर्व्हिस कॅनडाकडून, बेरोजगारी विम्याच्या व्यवस्थेतून मिळाली होती. त्यांचा रस्ता वेगळा आहे. तिथे आधी पुनर्विचाराची मागणी करायची आणि तिच्या निर्णयानंतर 30 दिवसांत सोशल सिक्युरिटी ट्रायब्युनलकडे अपील करायचं. या ट्रायब्युनलपुढे पुरावा मांडता येतो, साक्ष देता येते. सीआरएच्या निर्णयाला ही सोय नाही. टॅक्स कोर्टाकडेही तो नेता येत नाही, कारण हे कर-आकारणीचं प्रकरण नाही. पत्राच्या माथ्यावर कोणत्या कार्यालयाचं नाव आहे ते पाहूनच पुढचं पाऊल टाका.

5,000 डॉलरची मेख

नकाराची पत्रं सर्वांत जास्त येतात ती एका अटीवरून: नोकरी किंवा स्वतःच्या व्यवसायातून किमान 5,000 डॉलरचं उत्पन्न हवं. ‘सर्ब’साठी ते 2019 मध्ये किंवा अर्जाच्या आधीच्या 12 महिन्यांत, ‘सीआरबी’साठी 2019, 2020 किंवा अर्जाआधीचे 12 महिने. बाळंतपणाच्या आणि पालकत्वाच्या रजेचे सरकारी लाभ यात धरतात. घरभाडं, पेन्शन, शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज आणि नेहमीचा बेरोजगारी भत्ता धरत नाहीत.

स्वतःचा व्यवसाय असलेल्यांची गोची वेगळीच. समजा, एखादी बाई टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये घरून डबे पुरवते. 2019 मध्ये तिच्याकडे 7,200 डॉलर जमा झाले. किराणा, डबे, पेट्रोल धरून 2,900 खर्च झाला. हाती उरले 4,300. ‘सीआरबी’च्या कायद्यात खर्च वजा जाता उरलेलं उत्पन्न मोजतात, त्यामुळे 2019 च्या आकड्यावर ती अपात्र. ‘सर्ब’च्या वेळी मात्र सरकारच्या सूचनाच इतक्या धूसर होत्या की फेब्रुवारी 2021 मध्ये सरकारने माघार घेतली. ज्यांचं ढोबळ, म्हणजे खर्च वजा करण्याआधीचं, उत्पन्न किमान 5,000 होतं आणि ज्यांनी बाकीच्या अटी पाळल्या होत्या, त्यांना परतफेडीतून सूट जाहीर झाली. त्यासाठी 2019 आणि 2020 ची कर विवरणपत्रं 31 डिसेंबर 2022 पर्यंत भरलेली असणं गरजेचं होतं. म्हणजे एकाच बाईला, एकाच वर्षाच्या हिशेबावर, एक मदत ठेवता येते आणि दुसरी परत करावी लागते. ऐकायला अन्यायकारक वाटतं, आणि अनेक कुटुंबांना ते तसं भोगावंही लागलं आहे. पण कायद्याची शब्दरचना तीच आहे आणि कोर्ट ती बदलू शकत नाही.

दुसरी अट ‘सीआरबी’ची: त्या दोन आठवड्यांचं सरासरी साप्ताहिक उत्पन्न आधीच्या तुलनेत कोविडमुळे निम्म्याने घटलेलं हवं. तिसरी, काम आपखुशीने सोडलेलं नसावं. पत्रात यांपैकी कोणती अट लिहिली आहे, ते अक्षरशः बोट ठेवून वाचा. एका कारणावर उत्तर द्यायचं आणि दुसरं कारण तसंच राहून जायचं, असं फार वेळा घडतं. दोन कारणांपैकी एक जरी टिकलं तरी नकार टिकतो.

दुसरी फेरतपासणी: खरी जागा हीच

पहिला नकार आला की त्यात दिलेल्या मुदतीत, साधारणपणे 30 दिवसांत, दुसऱ्या फेरतपासणीची मागणी करता येते. ती पहिल्या निर्णयाशी संबंध नसलेला अधिकारी करतो. ही पायरी वगळून थेट कोर्टात गेलात तर ‘आधी उपलब्ध उपाय वापरा’ म्हणून परत पाठवतात.

कोर्टात नवे कागद चालत नाहीत, हे पुन्हा एकदा ठासून सांगावंसं वाटतं. थोडे अपवाद आहेत: न्यायाधीशांना पार्श्वभूमी समजावी म्हणून, प्रक्रियेतला अन्याय दाखवण्यासाठी, किंवा एखाद्या मुद्द्यावर अधिकाऱ्यापुढे काहीच पुरावा नव्हता हे दाखवण्यासाठी. पण ‘ही बिलं तेव्हा सापडली नव्हती, आता सापडली’ हा अपवाद नाही. म्हणून जे काही आहे ते या फेरीत द्या.

काय द्यायचं? नोकरी असेल तर पगाराच्या पावत्या, मालकाचं पत्र, नोकरी संपल्याचा अधिकृत दाखला. स्वतःचा व्यवसाय असेल तर बिलं, आणि त्या बिलांवर कामाची तारीख, ग्राहकाचं नाव, कामाचं स्वरूप आणि तुमचं किंवा धंद्याचं नाव हवं. सोबत तुमचं नाव-पत्ता असलेली बँकेची पत्रकं, ज्यांत त्या रकमा जमा झालेल्या दिसतील.

रोखीचा व्यवहार असेल तर इथे खूप काळजी घ्या. रोख मिळालेलं उत्पन्न हेही उत्पन्नच आहे. पण सीआरएच्या अधिकाऱ्यांना बिलाशी जुळणारा बँकेतला भरणा शोधायची सवय असते, आणि तो न दिसल्यास बिल मागाहून बनवलं असावं असा संशय ते घेतात. कागदांचा गठ्ठा पाठवून ‘यात सगळं आहे’ म्हणण्यापेक्षा एक तक्ता करा. त्यातली ओळ अशी दिसावी: ‘बिल क्रमांक 17, 3 मे 2019, दोन आठवड्यांचे डबे, 120 डॉलर, रोख, 6 मे रोजी बँकेत भरलेल्या 400 डॉलरमध्ये समाविष्ट, पत्रक पान 4’. भरणा केलाच नसेल आणि पैसे परस्पर घरखर्चाला गेले असतील, तर तेही लिहा, ग्राहकाचं सहीचं पत्र जोडा, त्या महिन्यांत बँकेतून घरखर्चासाठी रक्कम का काढलेली दिसत नाही ते सांगा. अधिकाऱ्याच्या मनात येणारा प्रश्न आधीच उत्तरासह फाइलमध्ये असला, की त्याकडे दुर्लक्ष करून दिलेला निर्णय कोर्टात टिकवणं सरकारला अवघड जातं.

‘पण माझ्या कर-आकारणीच्या नोटिशीत उत्पन्न 5,600 लिहिलंय की!’ हे वाक्य फार ऐकू येतं. कॅनडात विवरणपत्र तुमच्या सांगण्यावर स्वीकारतात, त्यामुळे ती नोटीस म्हणजे कमाईचा पक्का पुरावा ठरत नाही. फेडरल कोर्टाने 2022 मध्ये हे स्पष्ट केलं आणि पुढच्या निकालांत ते सतत वापरलं गेलं. विवरणपत्र फेरतपासणी सुरू झाल्यावर भरलं असेल आणि आकडा 5,000 च्या जरासाच वर असेल, तर त्या कागदाचं वजन आणखी घटतं.

फोनवर झालेली प्रत्येक बातचीत अधिकारी टिपून ठेवतो. तुम्हीही ठेवा: तारीख, वेळ, अधिकाऱ्याचा ओळख क्रमांक, त्याने काय मागितलं, किती मुदत दिली. फोननंतर तेच लेखी पाठवून द्या. आपल्याविषयीच्या नोंदी प्रायव्हसी ॲक्टखाली विनाशुल्क मागता येतात. पहिल्या अधिकाऱ्याने नेमकं कशावर बोट ठेवलं हे त्यांतून कळतं, कारण पत्रात सहसा एक ठरावीक वाक्यच असतं.

30 दिवस, एक फॉर्म, 50 डॉलर

दुसरा नकारही आला, की फेडरल कोर्टात अर्ज करायला निर्णय कळल्यापासून 30 दिवस मिळतात. पत्र ऑनलाइन खात्यात आधी येतं आणि टपालाने उशिरा, त्यामुळे पत्रावरच्या तारखेपासूनच मोजणं शहाणपणाचं. मुदत उलटली तर वाढवून मागता येते, पण त्यासाठी वेगळा अर्ज करून चार गोष्टी पटवाव्या लागतात: आव्हान देण्याचा इरादा सतत होता, मुद्द्यात काही दम आहे, उशिरामुळे सरकार पक्षाचं नुकसान नाही, आणि उशिराला पटण्यासारखं कारण आहे. ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्यावर सहसा भागत नाही.

अर्जाचा नमुना फॉर्म 301. शुल्क 50 डॉलर. वकील सक्तीचा नाही, माणूस स्वतःची बाजू स्वतः मांडू शकतो. प्रतिवादी म्हणून ‘अटर्नी जनरल ऑफ कॅनडा’ असं लिहायचं. सीआरए किंवा अधिकाऱ्याचं नाव नाही. चुकलं तर कोर्ट बहुधा दुरुस्त करून घेतं, पण वेळ जातो. एका अर्जात एकच निर्णय, हा नियम आहे. ‘सर्ब’ आणि ‘सीआरबी’ची दोन वेगळी पत्रं असतील तर दोन्ही एकत्र ऐकण्याची परवानगी अर्जातच मागा. आणखी एक परिच्छेद विसरू नका: फेडरल कोर्टाच्या नियमावलीतल्या नियम 317 खाली सीआरएकडची, तुमच्याकडे नसलेली कागदपत्रं मागणारा. ती मागणी पोचल्यावर 20 दिवसांत त्यांना प्रमाणित प्रत द्यावी लागते.

त्या कागदांमध्ये दुसऱ्या फेरतपासणीचा अहवाल असतो. तोच सर्वांत महत्त्वाचा कागद, कारण पत्रातलं एक वाक्य नव्हे, तर हा अहवाल आणि अधिकाऱ्याच्या टिपणी मिळून निर्णयाची कारणं मानली जातात. अहवालाशेजारी तुमच्या कागदांची यादी घेऊन बसा आणि प्रत्येक कागदापुढे खूण करा: उल्लेख आहे, उल्लेख नाही, उल्लेख आहे पण का नाकारला ते सांगितलेलं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेचे कागद हेच तुमचे मुद्दे.

पुढचं वेळापत्रक असं. अर्ज दाखल झाल्यापासून 30 दिवसांत तुमचं प्रतिज्ञापत्र आणि जोडपत्रं. त्यानंतर सरकार पक्षाला प्रतिज्ञापत्रासाठी 30 दिवस. उलटतपासणीसाठी 20 दिवस. या प्रकरणांत ती बहुतेकदा होतच नाही. मग 20 दिवसांत अर्जदाराची नोंदवही, म्हणजे अनुक्रमणिका, अर्ज, निर्णयाचं पत्र, प्रतिज्ञापत्रं आणि जास्तीत जास्त 30 पानांचा लेखी युक्तिवाद, असं एकत्र बांधलेलं दप्तर. सरकारला उत्तरासाठी 20 दिवस, आणि त्यानंतर 10 दिवसांत सुनावणीची तारीख मागणारा फॉर्म तुम्हीच भरायचा. तो राहून गेला की प्रकरण रेंगाळतं, आणि कोर्ट ‘हे बंद का करू नये’ अशी विचारणा करतं. स्वतः लढणाऱ्यांचे अनेक अर्ज मुद्द्यावर नव्हे, तर या तारखांवर पडतात.

ज्येष्ठांच्या बाबतीत एक तपशील फार कमी लोकांना माहीत असतो. प्रतिज्ञापत्र देणाऱ्याला इंग्रजी किंवा फ्रेंच कळत नसेल, तर सक्षम आणि स्वतंत्र दुभाष्याने शपथ घेऊन ते त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवलेलं असलं पाहिजे. मुलाने किंवा सुनेने समजावून सांगितलं, सासऱ्यांनी सही केली, हे चालत नाही. सुनावणीत मराठी दुभाष्या हवा असेल तर त्याची तयारीही आधीच, आपली आपण करावी लागेल असं धरून चला.

काय चालतं, काय नाही

निर्णय ‘वाजवी’ आहे का हे पाहण्याची कसोटी कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने 2019 च्या ‘वाविलोव्ह’ खटल्यात घालून दिली. थोडक्यात सांगायचं तर कारणं एकमेकांत नीट गुंफलेली हवीत आणि कायद्याशी व समोरच्या पुराव्याशी त्यांचा मेळ बसायला हवा. ते तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी तुमची. न्यायाधीशांना स्वतःला वेगळा निष्कर्ष काढावासा वाटणं पुरेसं नाही.

चालणारे मुद्दे असे असतात: अधिकाऱ्याने दिलेली बिलं पाहिलीच नाहीत, पाहिली पण का नाकारली याचा अहवालात पत्ता नाही, अर्जाआधीच्या 12 महिन्यांचा पर्याय लागू असताना फक्त 2019 तपासलं, किंवा बिलांच्या खरेपणावर संशय होता, पण तो तुम्हाला कधी बोलून दाखवला नाही आणि उत्तर द्यायची संधीच मिळाली नाही. हा शेवटचा मुद्दा प्रक्रियेच्या न्याय्यतेचा. तिथे कोर्ट अधिकाऱ्याला झुकतं माप देत नाही.

न चालणारे मुद्दे काळजाला जास्त भिडणारे असतात. मी प्रामाणिकपणे अर्ज केला. फोनवरच्या माणसाने मला पात्र सांगितलं. पैसे भाड्यात आणि औषधांत संपले, परत कुठून करू? न्यायाधीश निकालपत्रात अनेकदा सहानुभूती व्यक्त करतात, आणि तरी अर्ज फेटाळतात. पात्रतेच्या अटी संसदेने घातल्या आहेत. त्या शिथिल करण्याचा अधिकार ना अधिकाऱ्याला, ना कोर्टाला. फोनवर मिळालेल्या चुकीच्या माहितीने कायदा बदलत नाही. या गोष्टी खोट्या किंवा क्षुल्लक आहेत असं नाही. त्यांची जागा दुसरीकडे आहे. परतफेडीचे हप्ते ठरवताना त्या मांडाव्यात, किंवा फायनान्शियल ॲडमिनिस्ट्रेशन ॲक्टखाली माफीचा वेगळा अर्ज करताना.

दरम्यान सरकारी वकिलाचा फोन किंवा ईमेल येऊ शकतो: अर्ज मागे घ्या, सीआरए नव्या अधिकाऱ्याकडून पुन्हा तपासणी करेल. अहवालात ढोबळ चूक असेल तर हे बऱ्याचदा घडतं, आणि बहुतेकदा स्वीकारण्याजोगं असतं, कारण कोर्टात जिंकूनही याहून फारसं जास्त पदरात पडत नाही. शिवाय नव्या तपासणीत नवे कागद देता येतात. पण अर्ज मागे घेण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: अधिकारी वेगळा असेल, कागद देण्यासाठी किती दिवस मिळतील, आणि कोणत्या योजनेचे कोणते कालखंड तपासले जातील.

सुनावणी झालीच तर ती ऑनलाइन किंवा प्रत्यक्ष असते. टोरांटोत फेडरल कोर्ट 180 क्वीन स्ट्रीट वेस्टला आहे. न्यायाधीशांनी दप्तर वाचलेलं असतं. आपली कहाणी पहिल्यापासून सांगण्यात वेळ घालवू नका. अहवालाचं पान, वगळलेल्या कागदाचं पान, आणि त्याने निर्णय का बदलू शकला असता, या क्रमाने बोला. हरणाऱ्याने दुसऱ्या पक्षाचा खटल्याचा खर्च द्यावा, हा हुकूम न्यायाधीशांच्या मर्जीचा. अशा प्रकरणांत सरकार तो बऱ्याचदा मागत नाही, पण हरल्यावर काहीच द्यावं लागणार नाही असं गृहीत धरू नका.

जिंकलात तर निर्णय रद्द होतो आणि प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जातं. कोर्ट सहसा पैसे द्यायचा आदेश देत नाही. तिथे पुन्हा सगळा पुरावा, तक्त्यासह, नव्याने पाठवा, जुन्या फाइलमधून तो आपोआप पोचेल या भरवशावर राहू नका. हरलात तर फेडरल कोर्ट ऑफ अपीलकडे जायला 30 दिवस असतात आणि त्या मोजणीत जुलै-ऑगस्ट धरत नाहीत.

कोर्टात अर्ज केला म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. कराचा परतावा किंवा जीएसटी क्रेडिट सीआरए थकबाकीत वळती करून घेऊ शकते, म्हणून प्रकरण चालू असल्याचं वसुली विभागाला वेगळं कळवा आणि झेपेल असा हप्ता ठरवून घ्या. या थकबाकीवर व्याज लावलेलं नाही, त्यामुळे हप्ता छोटा ठेवल्याने रक्कम फुगत नाही. 2022 नंतर परत केलेली रक्कम ज्या वर्षी भरली त्याच वर्षीच्या उत्पन्नातून वजा मिळते. मागच्या वर्षाचं विवरणपत्र त्यासाठी उघडता येत नाही. परतफेडीच्या पावत्या त्या वर्षाच्या कर-कागदांसोबत ठेवा आणि विवरणपत्र भरणाऱ्याला ही वजावट आवर्जून सांगा.